मिशनवरचा भाचा साप्पोरोहून आसाहिकावाला चालला आहे : ट्रान्सफरच्या आठवड्यात नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा युटामध्ये वाढला, १९ वर्षांचा आहे, घरी मराठी बोलतो आणि शाकाहारी आहे. साडेचार महिन्यांपासून तो जपानच्या होक्काइदो बेटावर, साप्पोरो शहरात मिशनरी म्हणून राहतोय. शनिवारी त्याला फोन आला की बुधवारी आसाहिकावाला जायचं. तिथे नवा जोडीदार असेल, नवं घर असेल, आणि महिना जानेवारीचा. ‘त्याने काय करावं आणि आम्ही लांबून काय करावं,’ असं तुम्ही विचारलं आहे. हे उत्तर त्याला जसंच्या तसं पाठवता येईल असं लिहिलं आहे.

आधी दोन ओळी, घरातल्या ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी. बाहेरचे लोक ‘मॉर्मन’ म्हणतात, पण २०१८ पासून चर्चने ते नाव टाळून ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नाव वापरण्याची विनंती केली आहे. मुलगे २४ महिने सेवा करतात, मुली १८. तरुण मिशनऱ्याला ‘एल्डर’ म्हणतात, आणि चर्चच्या स्थानिक मंडळीला ‘वॉर्ड’. सगळे कायम जोडीने राहतात. जोडीदाराला कंपॅनियन म्हणतात, जपानीत ‘दोर्यो’. साधारण दर सहा आठवड्यांनी मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांचे प्रमुख, ठरवतात की कोण हलणार आणि कोण राहणार. या हलण्याला ट्रान्सफर म्हणतात, जपानीत ‘इदो’. नव्या मिशनऱ्याच्या प्रशिक्षणाचे पहिले १२ आठवडे, म्हणजे दोन ट्रान्सफर, तो बहुधा एकाच ठिकाणी असतो. त्यामुळे पहिलं खरं स्थलांतर चौथ्या-पाचव्या महिन्यात येतं, तसंच हे आलं आहे. ही शिक्षा नाही आणि बढतीही नाही. मुलं मनातल्या मनात यातलं एक काहीतरी धरून बसतात आणि विनाकारण खचतात किंवा फुगतात.

आता मुद्द्याचं. सगळ्यांचं लक्ष नव्या गावाकडे लागतं, पण ट्रान्सफर बिघडते ती जुन्या गावात. हातातले चार दिवस बॅगा भरण्यात गेले तर साप्पोरोत साडेचार महिने जोडलेली माणसं वाऱ्यावर सुटतात, आणि नवा येणारा एल्डर कोऱ्या पाटीवर बसतो. बॅग भरायला तीन तास पुरतात. बाकीचा वेळ माणसांचा आहे.

पहिलं काम म्हणजे फोनवरच्या अ‍ॅपमधल्या नोंदी. शिकवत असलेल्या प्रत्येक माणसाची नोंद तिथे असते, पण बहुतेक नोंदी ‘चांगली बाई आहे, रस आहे, पुन्हा भेटायचं’ अशा असतात. नव्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. उपयोगी नोंद अशी दिसते : ‘मंगळवारी संध्याकाळी ७ नंतरच. आधी मेसेज टाकावा. बेल वाजवू नये, सासूबाई आजारी असतात. मागच्या भेटीत प्रार्थनेबद्दल बोलणं झालं, रोज झोपण्यापूर्वी प्रार्थना करून बघते म्हणाल्या आहेत, त्याबद्दल आवर्जून विचारावं. नवऱ्याचा विरोध नाही पण त्याला चर्चेत ओढू नये. वॉर्डातल्या अमुक ताईंशी चांगलं जमतं. हिरागानात (जपानीच्या सोप्या लिपीत) लिहिलेलं साहित्य द्यावं, मुलगी वाचते.’ अशी एक नोंद लिहायला दहा मिनिटं लागतात. बारा माणसं असतील तर दोन तास. हे दोन तास शनिवारी रात्रीच काढावेत. मंगळवारी रात्री लिहू म्हटलं की ते होत नाही.

नोंदीत काय लिहू नये, हेही सांगतो. कोणाच्या घरातलं भांडण, आजाराचा तपशील, पापाची कबुली असं काही तिथे घालायचं नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने उद्या ते वाचलं तर त्याला वाईट वाटू नये, एवढं माप ठेवावं.

दुसरं काम रविवारचं. ज्यांना तो शिकवतो त्यांना त्याच्या तोंडून कळायला हवं की तो जातोय. शक्यतो समोरासमोर सांगावं, नाहीतर फोनवर, आणि मागे राहणारा कंपॅनियन शेजारी असावा. जपानमध्ये न सांगता जाणं मनाला लागतं. लोक तोंडाने काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. त्याहून खोल अडचण ही की माणूस चर्चशी न जुळता एकट्या त्या गोऱ्या-सावळ्या तरुणाशी जुळलेला असतो. तो गेला की त्या माणसाचं येणं थांबतं. त्यावरचा उपाय शेवटच्या चार दिवसांत पूर्ण होत नाही, पण निदान इतकं करता येतं : प्रत्येकाच्या बाबतीत वॉर्डातला एक सभासद ठरवून, रविवारी सभेनंतर दोघांची गाठ घालून द्यायची आणि पुढची भेट तिथेच उभ्या उभ्या ठरवायची. मोफत इंग्रजी वर्ग, ज्याला तिथे ‘एइकाइवा’ म्हणतात, तो घेत असेल तर विद्यार्थ्यांनाही सांगावं, आणि कुठला धडा कुठवर आला ते वहीत लिहून ठेवावं.

तिसरं काम परतफेडीचं. कोणाचा डबा घरी राहिलाय, कोणाची छत्री, वाचनालयाचं पुस्तक. जपानी घरातून आलेला डबा रिकामा परत देत नाहीत, आपल्याकडेही देत नाहीत. दोन बिस्किटं घालून द्यावा.

सोमवार हा पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी फोन यासाठी तो असतो. या सोमवारी सगळ्यात आधी शहराचं सरकारी विभाग कार्यालय गाठायचं. तो साप्पोरोच्या ज्या विभागात राहतो, त्या विभागाचं ‘कुयाकुशो’. तिथे ‘तेनशुत्सु-तोदोके’ भरायचं, म्हणजे ‘मी इथून जातोय’ अशी नोंद. सोबत झायर्यू कार्ड (परदेशी माणसाचं ओळखपत्र), पासपोर्ट, आरोग्यविम्याचा कागद आणि मायनंबर कार्ड (सरकारी क्रमांकाचं कार्ड) असल्यास ते न्यावं. तिथून बहुधा एक दाखला मिळतो. तो घडी न घालता पासपोर्टच्या पिशवीत ठेवायचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला राष्ट्रीय आरोग्यविम्यात नाव घालावं लागतं आणि हा विमा शहरागणिक असतो. त्यामुळे त्याचंही काम त्याच फेरीत उरकतं.

आसाहिकावाला पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत तिथल्या नगरपालिकेत ‘तेन्न्यू-तोदोके’ भरायचं, म्हणजे ‘मी इथे आलोय’ अशी नोंद. साप्पोरोचा तो दाखला आणि झायर्यू कार्ड लागतं, आणि नवा पत्ता कार्डाच्या मागच्या बाजूवर छापून मिळतो. ही मुदत हसण्यावारी नेऊ नये. १४ दिवस उलटले तर कायद्याने २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ९० दिवस नवा पत्ता कळवलाच नाही तर राहण्याचा परवाना रद्द होण्याची तरतूद आहे. चूक कुठे होते तर ‘पुढच्या पी-डेला जाऊ’ म्हणण्यात. पहिला सोमवार खरेदीत जातो, दुसरा सोमवार सुटीचा निघतो, आणि जानेवारीत तर दुसरा सोमवार ‘वयात येण्याच्या दिवसाची’ सरकारी सुट्टी असतेच. म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळीच जावं. कंपॅनियनला रस्ता माहीत असतो. झायर्यू कार्ड कायम अंगावर बाळगावं लागतं, ते सूटकेसमध्ये टाकून पाठवायचं नाही.

सूटकेसबद्दल. जपानात मोठ्या बॅगा घेऊन सहसा कोणी गाडीत चढत नाही, आदल्या दिवशी ‘ताक्क्यूबिन’ने पाठवतात. आपल्याकडच्या कुरिअरसारखंच, पण वेळेला पक्कं. पेटीची लांबी, रुंदी, उंची मिळवून येणाऱ्या सेंटिमीटरवर आकार ठरतो. १६० पर्यंत असेल तर वजन २५ किलोपर्यंत चालतं, १८० आणि २०० च्या आकाराला ३० किलो. चाकं आणि मूठ धरून माप घ्यायचं. मुलं नुसती पेटी मोजतात आणि काउंटरवर पुढचा दर लागतो. साप्पोरोहून आसाहिकावा एका रात्रीत पोहोचतं. मंगळवारी दुपारपर्यंत द्यावं आणि चिठ्ठीवर पोहोचण्याची तारीख बुधवार किंवा गुरुवार अशी स्वतः लिहावी, वेळही निवडावी. संध्याकाळी ७ ते ९ हा खण मिशनऱ्यांना सोयीचा वाटतो, पण त्या वेळेला ते बाहेरच असतात. दुपारी २ ते ४ किंवा सकाळचा खण घ्यावा आणि तेवढा वेळ घरी राहावं. कोणी नसेल तर दारात ‘फुझाइह्यो’ नावाची चिठ्ठी पडते. त्यावरच्या नंबरवर पुन्हा बोलावता येतं, पण तोवर एक दिवस गेलेला असतो. चिठ्ठीवर पत्ता जपानीत, इमारतीचं नाव आणि खोलीच्या नंबरासह लिहावा. मिशन ऑफिसने पाठवलेल्या पत्त्यावरून नक्कल केली तर चूक होत नाही.

रोख पैसे आणि पासपोर्ट ताक्क्यूबिनने पाठवता येत नाहीत. हातातल्या बॅगेत एवढं असावं : पासपोर्ट, दाखला, झायर्यू कार्ड, औषधं, फोन आणि चार्जर, दोन दिवसांचे आतले कपडे, एक पांढरा शर्ट, धर्मग्रंथ, वही, टॉवेल, जपानी लिपीतला काळा नेमटॅग आणि जास्तीचा एक. शिवाय दहा-पंधरा हजार येन रोख. महिन्याचे पैसे कार्डावर येतात, पण छोटी भोजनालयं आणि कधी कधी दवाखाने कार्ड घेत नाहीत. पांघरूण-गादी, भांडी, हीटर ही बहुधा घराची असतात, माणसाची नाहीत, ती न्यायची नाहीत. सायकलीबद्दल मिशन ऑफिसला विचारावं. जानेवारीत आसाहिकावात सायकल चालवता येत नाही, त्यामुळे ती पाठवण्याची घाई नसते. सायकल त्याच्या नावावर पोलिसांत नोंदलेली असेल आणि नंतर न्यायची ठरली तर नवा पत्ता त्या नोंदीत घालून घ्यावा. दुसऱ्याच्या नावावरची सायकल चालवताना पोलिसांनी थांबवलं की अर्धा तास जातो.

बुधवारचा प्रवास सोपा आहे. साप्पोरो ते आसाहिकावा १३७ किलोमीटर, लिमिटेड एक्सप्रेसने सुमारे दीड तास. तिकीट कोण काढणार हे ऑफिस सांगतं. मिशनरी एकटा फिरत नाही, त्यामुळे कुठल्या स्टेशनवर कोणाकडून कोणाकडे जायचं याची वेळ ठरलेली असते, आणि एकाची गाडी चुकली की चौघं अडकतात. हिमवादळात गाड्या रद्द होतात. निघण्यापूर्वी रेल्वेच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं आणि दोघांच्याही फोनमध्ये ऑफिसचा नंबर असावा.

आता आसाहिकावाची थंडी. जपानात नोंदलेलं सर्वांत कमी तापमान याच शहरातलं आहे : उणे ४१ अंश, २५ जानेवारी १९०२. आता तेवढं होत नाही, पण जानेवारीच्या पहाटे उणे १२ ही नेहमीची गोष्ट आणि उणे २० अधूनमधून होतंच. साप्पोरोत साडेचार महिने काढलेल्या मुलाला वाटतं की थंडी कळली. आसाहिकावा समुद्रापासून दूर, खोऱ्यात वसलेलं आहे. तिथली थंडी वेगळी आहे, आणि ती आधी घरातल्या नळावर येते.

म्हणून पहिल्या संध्याकाळी, बॅग उघडायच्याही आधी, कंपॅनियनकडून ‘मिझुनुकी’ शिकून घ्यावं. मिझुनुकी म्हणजे नळातलं पाणी काढून टाकणं. उत्तरेकडच्या घरांत पाण्याच्या मुख्य नळावर एक खास व्हॉल्व्ह असतो, कुठे हाताने फिरवायचा, कुठे भिंतीवरच्या बटणाचा. तो बंद केला की बाहेरून येणारं पाणी थांबतं आणि घरातल्या पाइपातलं पाणी जमिनीखाली निचरतं. पण ते निचरायला पाइपात हवा शिरावी लागते. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्यावर घरातले सगळे नळ उघडायचे, स्वयंपाकघर, बेसिन, शॉवर, गरम आणि थंड दोन्ही बाजूंचे, आणि संडासाची टाकी एकदा ओढून रिकामी करायची. नवा माणूस व्हॉल्व्ह बंद करतो, नळ मात्र बंदच ठेवतो. बाटलीच्या तोंडावर बोट ठेवून ती उलटी धरल्यासारखं होतं. पाणी जागेवर राहतं, रात्री गोठतं, गोठताना फुगतं आणि पाइप फुटतो. फुटलेलं कळतं ते बर्फ वितळल्यावर, खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या छतातून. दुसरी चूक व्हॉल्व्ह अर्धवट फिरवण्याची. अर्धवट राहिला की नळाला पाणी येतं आणि जमिनीखालीही वाहत राहतं, कोणाला दिसत नाही, आणि महिन्याच्या शेवटी बिल बघून डोळे पांढरे होतात. एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद.

केव्हा करायचं? बाहेर उणे ४ च्या खाली जाणार असेल आणि रात्रभर घर गरम राहणार नसेल तेव्हा. आणि घर रात्रभर रिकामं राहणार असेल तेव्हा तर हमखास. मिशनऱ्यांचे नळ फुटतात ते नेमके इथेच : एक्सचेंजसाठी (थोड्या वेळापुरती जोड्यांची अदलाबदल) दोघं दुसऱ्या गावात मुक्कामाला जातात किंवा झोन कॉन्फरन्सला, म्हणजे मिशनऱ्यांच्या एकत्र बैठकीला, साप्पोरोला राहतात, हीटर बंद करून जातात, पाणी मात्र तसंच राहतं. परत आल्यावर आधी सगळे नळ बंद करायचे, मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. क्रम उलटा केला तर घरात पाऊस. नळ गोठलाच तर उकळतं पाणी ओतायचं नाही, पाइप तडकतो. टॉवेल गुंडाळून त्यावर कोमट पाणी, नळाच्या तोंडाकडून सुरुवात करून, हळूहळू.

घर गरम होतं रॉकेलवर. तिथे ‘तोयू’ म्हणतात. बऱ्याच घरांबाहेर ४९० लिटरची टाकी असते, नाहीतर १८ लिटरच्या लाल प्लास्टिकच्या डब्यातून भरतात. टाकीचा काटा पहिल्या दिवशी बघावा आणि भरणारी गाडी कधी येते, कोणी बोलवायची, पैसे कोण भरतं हे विचारून घ्यावं. भिंतीतून धुराचं नळकांडं बाहेर काढलेला हीटर असेल तर ते बाहेरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, हे रोज सकाळी बघायचं. बुजलं तर धूर आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फिरता स्टोव्ह असेल तर तासाला एक-दोनदा खिडकी उघडायची आणि झोपताना तो बंद करायचा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायला हवा, त्याचं बटण दाबून आवाज येतो का ते बघावं. येत नसेल तर त्याच रात्री ऑफिसला कळवावं. बाकी कशातही भिडस्त राहिला तरी चालेल, यात नाही.

कपड्यांत एक गैरसमज असतो. जाड कोट घेतला की झालं असं वाटतं, पण होक्काइदोची घरं आतून चांगलीच गरम ठेवलेली असतात. बाहेर उणे १२, आत २३. दिवसात पाच-सहा वेळा आतबाहेर करायचं म्हणजे घाम येतो आणि तो बाहेर थंड पडतो. अंगालगतचा थर्मल, शर्ट, स्वेटर, कोट असे थर हवेत, चटकन काढता येणारे. बूट बर्फावर पकड असलेले, आणि दारात चटकन निघणारे, कारण प्रत्येक घरात जोडे काढावे लागतात. मोजे फाटके नसावेत. चालताना पावलं लहान, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर. छपराच्या कडेखालून चालायचं नाही, वरून बर्फाचा लगदा किंवा सुळका कोसळतो.

याचा कामावर थेट परिणाम होतो. जानेवारीत तिथे साडेचारच्या आसपास अंधार पडतो आणि उणे दहामध्ये रस्त्यावर कोणी थांबून बोलत नाही. साप्पोरोच्या भुयारी वाटांमध्ये जमलेली रस्त्यावर गाठण्याची पद्धत इथे चालणार नाही. स्टेशनसमोर ‘हेइवा-दोरी काइमोनो कोएन’ हा पायी चालण्याचा लांब रस्ता आहे, १९७२ पासून गाड्यांना बंद. उन्हाळ्यात तिथे माणसं भेटतात. हिवाळ्यात भेटी ठरवून, घरात किंवा चर्चच्या इमारतीत घ्याव्या लागतात, म्हणजेच सभासदांच्या ओळखीतून. मॉल ही खासगी जागा आहे, तिथे परवानगीशिवाय धर्माबद्दल बोलू नये. बर्फ काढायला मदत करणं हा हिवाळ्यातला सगळ्यात प्रामाणिक परिचय आहे. फावडं घेऊन शेजारच्या आजींच्या दारातला बर्फ बाजूला केला की नाव आपोआप कळतं. फक्त तो बर्फ रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या हद्दीत टाकायचा नाही, त्यावरून गल्लीत भांडणं होतात.

दारावर गेलाच तर पहिल्या वाक्यात आपण कोण ते सांगावं : ‘मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाइ’चे (हे चर्चचं जपानी नाव) मिशनरी. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान आबे यांची हत्या झाल्यानंतर युनिफिकेशन चर्च या दुसऱ्याच एका पंथावरून जपानात मोठं वादळ उठलं, आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या कोणत्याही धर्मप्रचारकाकडे लोक आणखी सावधपणे बघतात. इंग्रजी शिकवतो असं सांगून मागाहून धर्माकडे वळणं हा विश्वासघात वाटतो, आणि तो असतोच. ‘प्रचारकांना मनाई’ अशी पाटी असलेल्या इमारतीत शिरायचं नाही.

शेजाऱ्यांकडे मात्र जावंच. नवीन बिऱ्हाड आलं की दोन्ही बाजूला, वर आणि खाली जाऊन नमस्कार करण्याची तिथे रीत आहे. सोबत पाचशे येनच्या आसपासची छोटी भेट, टॉवेल किंवा बिस्किटांचं पाकीट. घर जुनं आणि माणूस नवा असला तरी हे करावं. सकाळी साडेसहाला उठून व्यायाम करणारी दोन मुलं वर राहतात, हे खालच्यांना सहन करावं लागतं. कचऱ्याचं वेळापत्रक त्याच वेळी विचारून घ्यावं. साप्पोरोच्या पिवळ्या विकतच्या पिशव्या आसाहिकावात चालत नाहीत, प्रत्येक शहराच्या वेगळ्या. चुकीच्या पिशवीतला कचरा गाडी उचलत नाही, वर स्टिकर लावून ठेवते, आणि तो कोणाचा हे अख्ख्या गल्लीला कळतं.

खाण्याबद्दल तुम्ही खास विचारलंत. ‘बेजितारियन’ एवढं सांगून भागत नाही. लोक मांसाचे तुकडे वगळतात आणि आमटी वाढतात, पण ती सुक्या माशाच्या ‘दाशी’त, म्हणजे अर्काच्या पाण्यात, केलेली असते. नूडल्स, मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याची पोळी, सगळ्यांत ती येते. पाहिजे ते वाक्य असं : ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन.’ म्हणजे ‘मांस आणि मासे खात नाही, कात्सुओ माशाची दाशीही चालत नाही.’ आणि लगेच वाट दाखवायची : ‘कोम्बु नो दाशी वा दाइजोबु देस,’ कोम्बुची दाशी चालते. कोम्बु म्हणजे समुद्रातली वनस्पती. वाढणाऱ्याला काय चालतं ते कळलं की तिचा जीव भांड्यात पडतो. हे ताटासमोर बसून सांगायचं नाही. वॉर्ड मिशन लीडरला, म्हणजे मिशनऱ्यांच्या कामाकडे बघणाऱ्या वॉर्डातल्या सभासदाला, पहिल्याच आठवड्यात सांगावं, म्हणजे जेवायला बोलावणाऱ्यांपर्यंत ते आधी पोहोचतं. घरी तांदूळ, तोफू, अंडी खात असेल तर अंडी, सोयाबीन, कोबी, बटाटा, कांदा हे सगळं स्वस्त आणि हाताशी असतं. होक्काइदोचा बटाटा आणि कांदा जपानात नावाजलेला आहे. तूरडाळ तिथल्या साध्या दुकानात शोधत बसू नये.

चहाचंही तसंच. चहा-कॉफी त्यांच्या नियमात बसत नाही, हिरवा चहाही नाही. नावावरून मात्र फसगत होते. ‘होजिचा’ आणि ‘गेन्माइचा’ चहाच्या पानांचे आहेत, ‘मुगिचा’ हे भाजलेल्या बार्लीचं पाणी आहे, ते चालतं. ‘मुगिचा असेल तर आवडेल’ म्हटलं की नकार पचतो.

आता नवा कंपॅनियन. तो जपानी असू शकतो, तोंगाचा असू शकतो, आयडाहोचा असू शकतो. पहिल्या रात्री अर्धा तास बसून साध्या गोष्टी बोलून घ्याव्यात. झोप कशी लागते, घोरतो का, सकाळी बोललेलं आवडतं का, स्वयंपाक कोण करणार, सामानाचे पैसे कसे वाटायचे, राग आला की गप्प बसतो की बोलतो. दर आठवड्याच्या नियोजनात एकमेकांशी मोकळं बोलण्याची वेळ राखलेली असते, ती ‘सगळं ठीक’ म्हणून उरकू नये. आणि पहिले तीन आठवडे एक वाक्य तोंडातून काढायचं नाही : ‘साप्पोरोत आम्ही असं करायचो.’ सूचना बरोबर असली तरी या वाक्यामुळे ती टोचते. आधी कंपॅनियनबरोबर सगळ्यांना भेटावं, त्याची पद्धत बघावी, तिसऱ्या आठवड्यात एक बदल सुचवावा. तिथे राहिलेल्या माणसालाही या आठवड्यात जोडीदार गमावल्याचं दुःख असतं, हे नव्याच्या लक्षात येत नाही.

पहिल्या रविवारी व्यासपीठावरून ओळख करून द्यायला सांगतील, हे धरूनच चालावं. दोन-तीन मिनिटांचं बोलणं बुधवारीच गाडीत लिहावं, रोमन लिपीत नको, हिरागानात. रोमनमध्ये लिहिलेलं वाचताना उच्चार इंग्रजी होतात. नाव, कुठला, कुटुंबात कोण, श्रद्धेबद्दल दोन मनापासूनची वाक्यं, आणि ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’ (लोभ असावा). सभेनंतर बिशप किंवा शाखाध्यक्षांना, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखांना, भेटून विचारावं की कोणाकडे आम्ही आधी जावं असं तुम्हाला वाटतं. उत्तर लिहून घ्यावं आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यातल्या एकाकडे तरी जाऊन येऊन त्यांना सांगावं. मिशनरी येतात-जातात, बिशप तिथेच असतात, आणि दर काही महिन्यांनी नवा उत्साही मुलगा बघून ते थकलेले असतात. सांगितलेलं एक काम झालेलं दिसलं की ते पुढचं नाव देतात.

भाषेसाठी त्याच्याजवळ एक भांडवल आहे, ते त्याने वापरावं. युटातले त्याचे मित्र जपानी वाक्य इंग्रजीतून उलटं करून बांधतात. त्याने मराठीतून बांधावं. ‘मी बाजारात जातो’, ‘वाताशी वा इचिबा नि इकिमास’. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि ‘बाजारात’मधला ‘त’ जिथे बसतो तिथेच त्यांचा ‘नि’. प्रत्यय नामाच्या मागे येतात, पुढे नाहीत. तू, तुम्ही, आपण यातला फरक घरात ऐकलेल्या मुलाला जपानीतली आदराची रूपं परकी वाटू नयेत. नव्या गावात रोज वीस नवी नावं कानावर पडतील. ती कानाने धरून, लगेच कानात लिहावीत. म्हणजे जपानी ‘काना’ लिपीत.

भूकंपाची तयारी पहिल्या दोन दिवसांत, कारण नंतर राहून जाते. आपत्तीत आसरा म्हणून ठरवलेली शाळा कुठे आहे ते एकदा चालत जाऊन बघावं. माणशी दिवसाला तीन लिटर प्रमाणे तीन दिवसांचं पाणी. पोलिसांसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, आपत्तीत निरोप ठेवायला १७१.

तुमच्या बाजूने. फेब्रुवारी २०१९ पासून मिशनरी आठवड्यातून एकदा, पी-डेला, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात. जपानात सोमवारी सकाळचे ९ म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच आणि युटात हिवाळ्यात रविवारी संध्याकाळचे ५. ट्रान्सफरनंतरचा पहिला कॉल छोटा असेल, त्याचा अर्थ लावत बसू नका. ‘नवा कंपॅनियन कसा आहे?’ हा प्रश्न त्याला अवघड जातो, कारण तो शेजारीच असतो. ‘आज काय जेवलास, घरातून काय दिसतं,’ असं विचारा, तो आपोआप बोलेल. खाऊचं पार्सल आसाहिकावाच्या घरी न पाठवता मिशन ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. तो पत्ता बदलत नाही, आणि घराचा सहा आठवड्यांत बदलू शकतो.

पहिल्या ट्रान्सफरनंतर घरची आठवण पुन्हा उसळते, अगदी पहिल्या आठवड्यासारखी. बहुधा दोन-तीन आठवड्यांत ती निवळते. झोप उडाली, जेवण तुटलं, सकाळी उठवेना, आणि हे तीन आठवड्यांपुढे गेलं, तर मिशन प्रेसिडेंट किंवा त्यांच्या पत्नीशी त्याने स्वतः बोलावं. त्यांच्याकडे मानसिक आरोग्याच्या सल्लागारांची सोय असते आणि ती वापरणाऱ्यांची संख्या मुलांना वाटते त्याहून जास्त आहे. तो बोलत नसेल तर तुमच्या बहिणीने ऑफिसला फोन करायला हरकत नाही. तसं केल्याने त्याच्या सेवेवर डाग पडत नाही.

शनिवारच्या रात्रीचा मुद्दा त्याला आजच कळवा. नोंदी लिहायला त्याच्या हातात सोमवारच्या कामांआधीची हीच मोकळी वेळ आहे.